रियाज, नोकरी आणि पोरांबरोबरचं कॅम्पिंग: वेळ नेमका जातो कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नोकरी सांभाळून काही वर्षं गिटार शिकताय, घरात दोन पोरं, सगळ्यांना कॅम्पिंगचा नाद, त्यामुळे शनिवार-रविवार आला की तंबू घेऊन बाहेर आणि मग चार-चार दिवस गिटारला हात लागत नाही. बरोबर नेली तर घरचे म्हणतात तिकडे तरी आमच्यात बस, नाही नेली तर सोमवारी बोटं वळत नाहीत. मग यातलं एक सोडून द्यावं का?

काही सोडू नका. मी गिटार शिकवतो, वाजवतो आणि पोरं लहान होती तेव्हापासून आम्ही कॅम्पला जातोय, त्यामुळे ही ओढाताण घरातही बघितलीये आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नोकरीवाल्या लोकांचीही बघतोय. माझं मत एवढंच की कॅम्पवर वाद्य न्यायचं, रियाज न्यायचा नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की दोन्हीकडून बोलणी खावी लागतात, म्हणजे तुम्ही तंबूबाहेर बसून तोच एक अवघड तुकडा वीस वेळा घासताय, बायको किंवा नवरा एकटा स्टोव्ह पेटवतोय आणि पोरं "बाबा, झालं का?" विचारतायत, यात रियाज धड होत नाही आणि सुट्टीही धड होत नाही.

आधी ती चार दिवसांची भीती बघू, कारण बाकी सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. चार दिवसांत हात जात नाही हो. बोटांच्या टोकावरचे घट्टे पण जात नाहीत, फक्त पाण्यात खूप वेळ राहिले तर मऊ पडतात, म्हणून पोहून आल्यावर किंवा भांडी घासून झाल्यावर लगेच स्टीलच्या तारांवर वाजवू नका, बोटं नीट वाळू द्या. सोमवारी जे जड वाटतं ते बहुतेक वेळा एवढंच असतं की तुम्ही गाडी चालवून, सामान उचलून थकलेले असता आणि बसल्याबसल्या थेट शुक्रवारच्या वेगाने सुरू करता. पहिली पाच मिनिटं जुनं, पाठ असलेलं, निम्म्या वेगात वाजवा, मग बघा.

उलट मधे झोप आणि विश्रांती असणं फायद्याचंच असतं. २००२ मधे बोटांच्या हालचालींवर एक प्रयोग झाला होता, लोकांना आकड्यांचा एक ठराविक क्रम पटापट टाइप करायला शिकवला आणि रात्रभर झोपून उठल्यावर परत बघितलं, तर मधे काहीही सराव न करता वेग साधारण २० टक्के वाढलेला होता, तेवढेच तास जागं राहून गेले तर मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे शिकलेलं पक्कं होण्याचं काम झोपेत चालू असतं, आणि तंबूत झोप कशी लागते हे तुम्हाला मी सांगायला नको. अर्थात याचा अर्थ महिनाभर हात लावू नका असा नाही, एक-दोन रात्रींच्या ट्रिपबद्दल बोलतोय मी.

आणि तासांचा हिशोब करायचा तर १९९३ चा बर्लिनच्या व्हायोलिनवाल्यांवरचा मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांचा अभ्यास सगळ्यांना अर्धाच माहीत असतो. "दहा हजार तास सराव केला की माणूस तरबेज होतो" हे वाक्य तिथून निघालं आणि पुढे वाटेल तसं फिरलं, पण त्यातलं दुसरं निरीक्षण कोणी सांगत नाही की त्यातली सगळ्यात चांगली वाजवणारी मंडळी सलग चार-पाच तास बसत नव्हती, ती तास-दीड तासाच्या बैठका करायची, मधे विश्रांती घ्यायची आणि दुपारी झोपायची पण. आता ही तर पूर्णवेळ संगीत शिकणारी माणसं, आपण नोकरीवाले, आपल्याला रोज खरं लक्ष देऊन वीस-पंचवीस मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

ती वीस मिनिटं आठवड्यातल्या कामाच्या दिवसांत बसवायची, वीकेंडला नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं, सगळा आठवडा "रविवारी निवांत दोन तास बसेन" म्हणत काढतात आणि रविवार काही आपल्या मालकीचा नसतो. पोरांचा असतो, पाहुण्यांचा असतो, धुण्याचा असतो. सोमवार ते गुरुवार रोज वीस मिनिटं झाली की तुमचं संगीत वीकेंडच्या आधीच झालेलं असतं, मग शनिवारी तंबू ठोकताना मनात खुटखुट राहत नाही. शुक्रवार मी मुद्दाम सोडलाय, शुक्रवारी काही होत नाही.

वीस मिनिटांत करायचं काय? एकच गोष्ट वीस मिनिटं घासू नका. २०१६ मधे क्लॅरिनेट वाजवणाऱ्या दहा जणांवर एक छोटा प्रयोग झाला होता, एका पद्धतीत एक तुकडा सलग १२ मिनिटं आणि दुसऱ्या पद्धतीत ३-३ मिनिटांनी तुकडा बदलत राहायचा, एकूण वेळ तेवढाच. दुसऱ्या दिवशी वाजवायला लावलं तर बदलत राहण्याकडे झुकता कौल आला. दहाच माणसं, त्यामुळे फार मोठं काही सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, पण माझ्या विद्यार्थ्यांमधे मला हेच दिसतं. फोनवर ३ मिनिटांचा टायमर लावा, एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जायचा एक अवघड बदल, एक स्केल, गाण्याचा एक कडवं-भर तुकडा, परत पहिल्यावर या. त्रास जास्त होतो, वाजवताना वाटतं की काहीच जमत नाहीये, आणि दुसऱ्या दिवशी हातात असतं. गिटार पेटीत बंद ठेवू नका, घरात स्टँडवर बाहेर ठेवा, कारण वीस मिनिटांतली पाच मिनिटं पेटी काढणं, ट्यूनर शोधणं, पिक कुठे गेला यातच जातात.

आता खरा मुद्दा, वेळ जातो कुठे. कॅम्पिंग स्वतः तेवढा वेळ खात नाही, त्याच्या आधीचं आणि नंतरचं खातं. शुक्रवारी संध्याकाळ पॅकिंगमधे, रविवार रात्र सामान आत घेण्यात आणि सोमवार-मंगळवार बाल्कनीत वाळत घातलेला तंबू, चिखलाचे बूट, धुवायच्या स्लीपिंग बॅगा यात. म्हणजे दोन दिवसांच्या ट्रिपला घरातल्या तीन-चार संध्याकाळी लागतात आणि रियाजाच्या संध्याकाळी नेमक्या त्याच असतात. तुम्ही गिटारला दोष देताय, कॅम्पिंगला दोष देताय, आणि चोर पॅकिंग आहे.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि लोक करत नाहीत. झाकणाचे दोन मोठे प्लास्टिकचे डबे घ्या, एकात स्वयंपाकाचं सगळं, स्टोव्ह, लायटर, भांडी, सुरी, साबण, स्पंज, दुसऱ्यात हेडलॅम्प, सेल, दोऱ्या, तंबूच्या खुंट्या, हातोडी, प्रथमोपचार, आणि हे डबे कायम भरलेले ठेवायचे. घरातली भांडी तिकडे जाणार नाहीत, तिकडची घरात येणार नाहीत. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवायची. संपलेली वस्तू परत आल्याच्या रात्रीच लिहून ठेवायची, निघायच्या आदल्या दिवशी नाही. आमच्याकडे हे सुरू झाल्यापासून शुक्रवारी फक्त कपडे आणि खाण्याचं भरायचं राहतं, कपडे पोरं स्वतः भरतात आणि काय विसरतात ते तिकडे गेल्यावर त्यांचं त्यांना कळतं. तंबू मात्र ओला गुंडाळून ठेवू नका, बुरशी धरते आणि तो वास मग जात नाही. निघायच्या सकाळी ऊन असेल तर आधी तंबू रिकामा करून उलटा वाळत टाका आणि मग नाश्ता करा, त्यामुळे घरी आल्यावरचं निम्मं काम तिथेच संपतं.

दुसरं म्हणजे एका रात्रीचे कॅम्प कमी करा. तंबू लावायला आणि काढायला लागतो तेवढाच वेळ एका रात्रीलाही आणि तीन रात्रींनाही लागतो, गाडीत भरणं-उतरवणं तेवढंच. महिन्यातून तीन वेळा एक-एक रात्र जाण्यापेक्षा एकदाच सलग दोन-तीन रात्री जा. पोरांना पण पहिल्या दिवशी नुसतं हुंदडायचं असतं, ती तिथे खरी रमतात दुसऱ्या दिवशी. मग उरलेले वीकेंड मोकळे, आणि त्यातली एखादी सकाळ हक्काने गिटारची. क्लासचा कार्यक्रम असेल तर तारीख आणि ट्रिपची तारीख एकाच कॅलेंडरवर लिहा, घरातल्या सगळ्यांना दिसेल असं, आणि कार्यक्रमाच्या आधीचा वीकेंड ट्रिप ठेवूच नका.

आता एक गोष्ट जी मला फार आवडते. कॅम्पवरून आल्यावर दोन-तीन दिवस सकाळी लवकर जाग येते की नाही? हे नुसतं वाटणं नाहीये. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातले केनेथ राइट यांनी २०१३ मधे काही लोकांना आठवडाभर कॅम्पिंगला नेलं, दिवे नाहीत, फोन नाही, फक्त ऊन आणि शेकोटी, आणि त्यांच्या शरीरातलं झोपेचं हार्मोन, मेलाटोनिन, साधारण दोन तास आधी वाढायला लागलं. नंतर २०१७ मधे फक्त एका वीकेंडचं करून बघितलं तर तेवढ्यातही शरीराचं घड्याळ साधारण १.४ तास आधीच्या वेळेवर आलं होतं. थोडक्यात दिवसभर ऊन मिळतं, रात्री दिवे नसतात, त्यामुळे शरीर लवकर झोपायला तयार होतं. तर हे फुकट मिळालेलं घड्याळ सोमवारी रात्री उशिरापर्यंत स्क्रीन बघून मोडू नका, सोमवारी आणि मंगळवारी सकाळी घर उठायच्या आधी गिटार घेऊन बसा. शेजाऱ्यांची काळजी वाटत असेल तर गिटारच्या ब्रिजजवळ (तारा जिथे लाकडाला अडकवलेल्या असतात तिथे) आतून एक मऊ फडकं तारांखाली सारा, आवाज बसतो आणि बोटांचं काम तेवढंच होतं. माझ्या ओळखीच्या कित्येक जणांची सकाळची सवय अशा ट्रिपनंतरच लागली, एरवी अलार्म लावून कधी जमली नव्हती.

बरं, कॅम्पवर वाद्य न्यायचं म्हणालो, तर तिकडे करायचं काय. दुसऱ्यांसाठी वाजवायचं. पोरं मागतील ते, अर्धवट येत असलं तरी, चुकत-माकत, थांबायचं नाही. हा सुद्धा वेगळाच सराव आहे, घरी एकटे वाजवताना आपण चुकलो की मागे जातो, लोक गात असताना मागे जाताच येत नाही, ताल धरून पुढेच जावं लागतं. अर्धा-पाऊण तास, जेवणानंतर, बस.

पट्टीकडे लक्ष द्या. मोठा पुरुष गिटार घेऊन बसला की आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो, ती लहान मुलांना फार खाली पडते, मग ती सूर सोडून बोलल्यासारखी गातात आणि आपण म्हणतो मुलांना सूर नाही. कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी वर नेणारा चिमटा, तिसऱ्या-चौथ्या फ्रेटवर लावून बघा, तेच कॉर्ड, तीच पोरं, आणि एकदम सुरात. उघड्यावर भिंती नसल्यामुळे आवाज परत येत नाही, स्वतःचं स्वतःला नीट ऐकू येत नाही म्हणून सगळे ओरडायला लागतात, वर शेकोटीचा धूर, दुसऱ्या दिवशी घसे बसलेले. जवळजवळ बसा आणि हळू गा.

ट्यूनिंगची एक गंमत सांगतो. माझी मुलगी बासरी वाजवते. दुपारी दोघांचं जुळलेलं असतं आणि अंधार पडल्यावर कानाला टोचायला लागतं. होतं काय की हवा गार झाली की गिटारच्या स्टीलच्या तारा आकसतात, ताण वाढतो, सूर चढतो. बासरीत उलटं, तिथे आवाज हवेच्या नळीतून तयार होतो आणि गार हवेत आवाजाचा वेग कमी होतो, २० अंशाला सेकंदाला साधारण ३४३ मीटर असतो तो १० अंशाला ३३७ वर येतो, त्यामुळे बासरी उतरते, एका अंशाला ढोबळ ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) धरा, दहा अंशाला ३०, म्हणजे अर्ध्या सुराचा जवळपास तिसरा हिस्सा. फुंकरीच्या उबेने प्रत्यक्षात जरा कमी होतं, पण एक वर आणि एक खाली गेल्यावर कानाला कळतंच. बासरीला काही पिळायची सोय नसते, म्हणून आधी बासरी दोन मिनिटं फुंकून गरम करायची, मग तिच्यावर गिटार लावायची. ट्यूनर ४४० (सूर लावायचा ठरलेला आकडा) दाखवतोय म्हणून हट्ट धरायचा नाही. मुलीला हे विज्ञान शाळेपेक्षा तिथे जास्त नीट समजलं. कोणी चामड्याचं वाद्य आणलं असेल तर दंव पडायला लागलं की ते पण उतरतं, त्यामुळे गाणं अंधार पडायच्या आसपास उरकलेलं चांगलं.

आणखी एका कारणासाठी लवकर उरकायचं. बऱ्याच कॅम्पग्राउंडवर रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते, पण नियम सोडा, निरभ्र शांत रात्री आवाज खरंच लांब जातो. जमीन गार होते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो. पाण्याच्या काठी तर फारच. दुपारी ज्या तंबूपर्यंत तुमचा आवाज पोचत नव्हता त्याला रात्री शब्द न् शब्द ऐकू येतो. त्या तंबूत कोणाचं तरी तान्हं बाळ नुकतंच झोपलेलं असतं.

कुठली गिटार न्यायची? चांगली नाही. सॉलिड लाकडाच्या गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि तंबूत पहाटे ती कुठच्या कुठे जाते. प्लायवूडची, म्हणजे लॅमिनेटवाली, स्वस्तातली घ्या, ती हे हाल जास्त सोसते. लहान पोरं असतील तर युकुलेले त्याहून बरं, नायलॉनच्या तारा, छोटं, पोरांच्या हातात देता येतं, गाडीत कुठेही बसतं. शेकोटीपासून लांब धरा, ठिणगी सोडाच, एका बाजूने सतत शेक लागला तरी लाकूड तडकतं. वाजवून झालं की तारा फडक्याने पुसा आणि वाद्य पेटीत, तंबूबाहेर टेकवून ठेवलेली गिटार सकाळी दवाने ओली मिळते. गार पेटी घरात आणल्यावर लगेच उघडू नका, तासभर तशीच राहू द्या.

आणि गाडी. बंद गाडीत वाद्य ठेवायचं नाही, दहा मिनिटांसाठी पण नाही म्हणतो मी. बाहेर २२ ते ३५ अंशाच्या मधलं काहीही असलं तरी उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी चढतं आणि त्यातलं ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासात, काच थोडी खाली ठेवूनही फारसा फरक पडत नाही. एवढ्यात गिटारचा सरस मऊ पडून ब्रिज उचकटायला लागतो. लांबच्या उन्हाच्या प्रवासात तारा एक-दोन सूर ढिल्या करून ठेवा. (आणि पोरं किंवा कुत्रं तर अजिबातच नाही, हे वेगळं सांगायला नको पण सांगतोच.)

एवढं करूनही ज्यांना तिकडे सरावाशिवाय करमत नाही त्यांच्यासाठी, वाद्य न घेता सराव होतो. १९९५ मधे पियानोवर पाच बोटांचा एक धडा लोकांना दिला होता, रोज दोन तास, पाच दिवस, एका गटाने प्रत्यक्ष वाजवायचं आणि दुसऱ्याने फक्त मनात, बोट न हलवता. मनात वाजवणारे पाचव्या दिवशी तिथे पोचले होते जिथे वाजवणारे तिसऱ्या दिवशी होते, आणि मग एक बैठक खरी केल्यावर बरोबरीला आले. तर रात्री स्लीपिंग बॅगेत पडल्यापडल्या तो अवघड बदल डोळे मिटून बघा, कुठलं बोट आधी उचलतं, कुठलं जागेवरच राहतं, अगदी सावकाश. कोणाला पत्ता लागत नाही आणि झोपही छान लागते. फक्त गाडी चालवताना करू नका. गाडीत ऐका, सध्या शिकत असलेलं गाणं एकदा तुमच्या पाळीला, पुढचं पोरांच्या पाळीला, हा करार आधी करून ठेवा.

शेवटचं, घरच्यांचं. तुम्ही लिहिलंय की घरी कोणी समजून घेत नाही. माझ्या बघण्यात घरच्यांचा विरोध संगीताला क्वचित असतो, त्यांना त्रास होतो तो कधी सुरू होईल आणि कधी संपेल हे माहीत नसण्याचा. "जरा वाजवतो" म्हणून आत गेलेला माणूस दीड तासाने बाहेर येतो. त्याऐवजी "सोमवार ते गुरुवार सकाळी सव्वासहा ते सहा चाळीस" असं सांगा आणि सहा चाळीसला खरंच उठा, तुकडा अर्धा राहिला तरी उठा. आणि तेवढाच वेळ समोरच्या माणसालाही त्याच्या आवडीसाठी द्या, त्या वेळेत पोरं पूर्ण तुमच्याकडे, "हे कुठे ठेवलंय" विचारायला फोन करायचा नाही. कॅम्पवरही तसंच, पहिल्या दिवशी तंबू लागून, स्वयंपाक होऊन, भांडी आवरून होईपर्यंत गिटार पेटीतच राहू द्या, मग कोणी ना कोणी स्वतःच म्हणतं, काढ आता.